रंग सुकून तुंबलेली स्प्रे गन पुन्हा चालू करायची कशी

फर्निचरच्या कारखान्यात, गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये, मूर्तिकाराच्या माळ्यावर एक तरी स्प्रे गन पडलेली सापडतेच. कपाच्या तळाला रंगाची खपली, ट्रिगर हलत नाही, तोंडावरचा रंग काचेसारखा कडक. ‘गेली ती’ म्हणून नवी आणतात आणि ही भंगाराच्या पोत्यात जाते. पण अशा गनचा बहुतेक वेळा एकही भाग मोडलेला नसतो. आत रंग सुकलाय, एवढंच झालेलं असतं.

गन कायमची निकामी होते ती पुष्कळदा साफ करताना. नोजलमध्ये (रंग सुटतो त्या तोंडात) खिळा घातला, एअर कॅपच्या (त्याभोवतीच्या, हवा सोडणाऱ्या चकतीच्या) भोकात शिवणाची सुई फिरवली, अख्खी गन रात्रभर थिनरच्या डब्यात बुडवली, की संपलं. स्प्रे गन म्हणजे मापात पाडलेली काही भोकं आणि त्यांतल्या एकात नेमकी बसणारी सुई. ती मापं टिकली तर गन टिकली. म्हणून रंग आधी मऊ करायचा आणि मगच काढायचा. खालच्या प्रत्येक पायरीचं कारण हेच आहे.

हा लेख कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या दोन नेहमीच्या जातींसाठी आहे: वर कप असलेली ग्रॅव्हिटी गन आणि खाली कप असलेली सक्शन गन. बिनहवेच्या, पंपाच्या एअरलेस मशीनला यातलं काही लावू नका. तिथे दाब शेकडो बारचा असतो आणि तो फवारा कातडीतून आत शिरतो.

१. आधी आतली रचना समजून घ्या

ट्रिगर दाबला की दोन गोष्टी एकामागून एक होतात. आधी हवेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि एअर कॅपमधून हवा सुटते. ट्रिगर आणखी मागे गेला की सुई, म्हणजे नीडल, मागे सरकते, नोजलचं तोंड उघडतं आणि रंग बाहेर येतो. नोजलभोवतीच्या गोल फटीतून सुटणारी हवा त्या रंगाचे बारीक थेंब करते. कॅपच्या दोन शिंगांतून, म्हणजे पुढे आलेल्या दोन टोकांतून, येणारी हवा तो गोल फवारा दोन्ही बाजूंनी दाबून त्याचा पंखा करते. या यंत्राचा पूर्वज दवाखान्यातला आहे. अमेरिकेत टोलेडो इथल्या डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी १८८० च्या दशकात घशात औषध फवारायला ॲटोमायझर केला, आणि त्यांच्या मुलानं १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. औषधाचं भोक असो की रंगाचं, काम त्याच्या मापावर चालतं.

भागांची नावं डोक्यात ठेवा, दुकानात हीच सांगावी लागतात: एअर कॅप, नोजल, नीडल, नीडलची स्प्रिंग, मागचा फ्लुइड नॉब, नीडलचं पॅकिंग आणि त्याचा नट, एअर व्हॉल्व्ह, पंख्याचा नॉब, आणि कपाच्या झाकणातलं श्वासाचं बारीक भोक. हे शेवटचं भोक बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

२. गन दुरुस्त करण्याजोगी आहे का ते पाहा

जुन्या बाजारातून उचलणार असाल तर पैसे देण्याआधी, आणि स्वतःचीच असेल तर थिनरची बाटली उघडण्याआधी, एवढं तपासा.

बॉडीला, विशेषतः नोजल बसतो त्या डोक्याला आणि हवेच्या इनलेटला, तडा नको. गन पडून तडा गेला असेल तर सोडून द्या, त्याला वेल्डिंगचा उपाय नाही. इनलेटचे आटे पाहा. ते बहुधा पाव इंची असतात, म्हणून एक पाव इंची निपल खिशात ठेवा आणि हातानं दोन-तीन आटे लावून बघा. आटे फिरलेले असतील तर घेऊ नका.

एअर कॅपची शिंगं वाकलेली, ठेचलेली नकोत. भोकांतला रंग निघतो, पण लंबगोल झालेलं भोक परत गोल होत नाही. नीडलचं टोक दिसत असेल तर त्यावरून नख फिरवा. पायरीसारखी कड लागली तर सुई झिजली आहे. तेवढ्यानं गन टाकू नका, मात्र नीडल-नोजलचा जोड नवा घ्यावा लागेल हे धरून भाव करा.

शेवटचं आणि महत्त्वाचं म्हणजे सुटे भाग. ज्या गनचा नोजल-नीडल-कॅपचा सेट बाजारात मिळतो ती निम्मी तुटलेली असली तरी चालेल. नावगाव नसलेल्या गनचे भाग मात्र दुसऱ्या कशातूनही जुळत नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत आधी विचारून घ्या. जुना नोजल सोबत न्या, नुसतं माप सांगून भागत नाही.

३. सामान जमवा

– गनसोबत येतो तो पाना, नसेल तर नोजलच्या षटकोनावर घट्ट बसणारा रिंग पाना किंवा बॉक्स पाना
– लहान स्क्रू ड्रायव्हर
– एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर १ लिटर
– झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या
– नायलॉनचे गोल ब्रश, एक ५-६ मिमी आणि एक २-३ मिमी जाडीचा, आणि एक जुना टूथब्रश
– लाकडी टूथपिक
– बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, ०.४ ते ०.५ मिमीचा, मासे पकडण्याच्या सामानाच्या दुकानात मिळतो तोच
– सुती, धागे न सुटणाऱ्या चिंध्या
– भिंग आणि टॉर्च
– पांढरं पेट्रोलियम जेली किंवा सिलिकॉन नसलेलं गन ग्रीस
– कडक रंग असेल तर पेंट रिमूव्हर, २५०-५०० मिली
– ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क, चष्मा, रसायनाचे जाड हातमोजे

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्लेड, सेफ्टी पिन यांतलं काहीही टेबलावर ठेवू नका. जवळ असलं की हात जातोच.

ऊन लागणार नाही अशा उघड्या जागी बसा. एनसी थिनरची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जाते. त्यामुळे शेगडी, देवघरातला दिवा, विडी, ग्राइंडरची ठिणगी, यांतलं काहीही त्या खोलीत आणि शेजारच्या खोलीतही नको. कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरच्या वाफेपुढे निरुपयोगी असतो.

४. आत कोणता रंग सुकलाय ते ओळखा

ही पायरी गाळली की माणूस दोन दिवस थिनर बदलत बसतो आणि रंग जागचा हलत नाही.

कपाच्या काठावरच्या सुक्या रंगावर थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पाच मिनिटं दाबून ठेवा, मग चोळा.

रंग विरघळून कापसाला लागला आणि खालचा धातू दिसायला लागला तर तो एनसी लॅकर, सँडिंग सीलर किंवा जुना ड्युको (गाड्यांचा जुन्या जातीचा लॅकर) आहे. हे रंग नुसते थिनर उडून सुकतात, त्यामुळे वर्षांनीही थिनरमध्ये परत विरघळतात. लाखेचं फ्रेंच पॉलिश असेल तर थिनरऐवजी स्पिरिट घ्या.

रंग सुरकुतला, फुगला, पण विरघळला नाही, तर तो सिंथेटिक इनॅमल असण्याची शक्यता जास्त. तो हवेतल्या ऑक्सिजननं पक्का होतो आणि परत पातळ होत नाही. फुगला की सोलून काढावा लागतो.

बोळा कोराच राहिला, रंगाची चमकही गेली नाही, तर तो हार्डनर (रंग पक्का करणारं द्रव्य) घातलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, किंवा ॲसिडनं पक्का होणारा मेलामाईन आहे. हार्डनरसोबत त्याचे रेणू एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. थिनरमध्ये महिनाभर ठेवलात तरी तो तसाच राहील. इथे पेंट रिमूव्हरच हवा.

मूर्तीकामाच्या गनची गोष्ट वेगळी आहे. पेण, हमरापूरकडे चालतात तसले पाण्यातले रंग असतील तर आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण यांत तास-दोन तास भिजवा. ॲक्रिलिक बाइंडर असेल तर पाण्यानं तो नुसता रबरासारखा होतो. उरलेल्या पापुद्र्यावर मग थिनरचा बोळा फिरवा. या गनमध्ये दुसराही एक त्रास असतो. पाणी आत राहून स्प्रिंग गंजते आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. स्प्रिंग नवी घ्या, भुकटी टूथब्रशनं जाते.

५. गन उघडा, पण क्रम चुकवू नका

हवेचा पाइप काढलेला आहे ना, पाहून घ्या. ट्रिगर एकदा दाबून आत अडकलेला दाब सोडा. फोनवर गनचे चार बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक भाग सुटला की स्वच्छ पांढऱ्या कापडावर डावीकडून उजवीकडे मांडत जा.

आधी कप काढा. मग एअर कॅप हातानं फिरवून काढा. चिकटली असेल तर तिच्या रिंगभोवती थिनरची चिंधी अर्धा तास गुंडाळून ठेवा. पक्कड लावली की रिंग चेपते आणि ती चेपलेली रिंग पुढे नीट बसत नाही.

आता मागचा फ्लुइड नॉब पूर्ण काढा. आत स्प्रिंग असते, ती उडते, म्हणून अंगठा नॉबवर ठेवून सोडा. मग नीडल सरळ मागे ओढा. नोजल काढण्याआधी नीडल बाहेर आलीच पाहिजे. नीडल आत असताना नोजल फिरवला तर सुईचं टोक नोजलच्या आतल्या बैठकीवर घासत फिरतं, चरा पडतो आणि तिथून कायमची गळती सुरू होते.

नीडल चिकटलेली असेल, आणि टाकून दिलेल्या गनमध्ये ती चिकटलेलीच असते, तर घाई नको. गनचं तोंड खाली करून कपाच्या वाटेतून १०-१५ मिली थिनर ओता आणि तासभर थांबा. पॅकिंगच्या नटापाशीही दोन थेंब सोडा. तासाभरानं नीडलचं मागचं टोक चिंधीत धरून आधी गोल फिरवायचा प्रयत्न करा. फिरली की सुटली. नुसती ओढली तर ती मध्येच वाकते, आणि केसभर वाकलेली नीडलसुद्धा परत सरळ बसत नाही. रंग पीयू असेल तर याच वाटेत थिनरऐवजी रिमूव्हर सोडावा लागतो. तिथे अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका.

मग पाना लावून नोजल सोडवा. पाना पूर्ण बसवा आणि एकाच दमात फिरवा. ढिला पाना लावला तर षटकोनाचे कोपरे जातात. काही गनमध्ये नोजलमागे हवा वाटणारी प्लास्टिकची चकती असते. ती कशी बसली आहे त्याचा फोटो आधीच घ्या. ती तुटली तर नवीच लागते.

पंख्याचा नॉब आणि एअर व्हॉल्व्ह फक्त हवेच्या बाजूला रंग गेला असेल तरच उघडा. इनलेटमधून टॉर्च मारून पाहा. आत धातू स्वच्छ दिसत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

६. भिजवा

नोजल, नीडल, एअर कॅप बरणीत. वर भाग बुडेल एवढाच थिनर, झाकण घट्ट. एनसी असेल तर दोन तास पुरतात, जाड थर असेल तर रात्रभर. दुसऱ्या बरणीत ताजा थिनर शेवटच्या धुण्यासाठी राखून ठेवा.

बॉडी बुडवू नका. बॉडीत पॅकिंग आणि रबराच्या रिंगा असतात. थिनरमध्ये त्या फुगतात, आणि सुकल्यावर आकसून गळतात. शिवाय विरघळलेला रंग हवेच्या बारीक वाटांत शिरतो आणि तिथे परत सुकतो. मग जी वाट आधी स्वच्छ होती तीच तुंबते. बॉडीसाठी फक्त तिचं तोंड वाटीतल्या दोन सेंटिमीटर थिनरमध्ये टेकवून ठेवा आणि रंगाच्या वाटेत वरून थिनर सोडत राहा.

रिमूव्हर वापरताना जास्त सांभाळा. पुष्कळ रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. पातळ नायट्राईलचे हातमोजे त्यात काही मिनिटांतच निकामी होतात आणि त्वचा भाजते. ब्रशनं फक्त रंगावर लावा, १५ ते ३० मिनिटं थांबा, फुगलेला रंग नायलॉनच्या ब्रशनं काढा, थिनरनं धुवा, गरज पडली तर परत लावा. रात्रभर ठेवू नका. दुसरी गोष्ट जिवावरची आहे: क्लोरीन असलेली अशी द्रावणं आणि ॲल्युमिनियम दाबाखाली एकत्र आली तर स्फोटक प्रक्रिया होऊ शकते. म्हणून रिमूव्हरचा थेंबही आत असताना गनला हवा जोडायची नाही. थिनरनं दोनदा धुऊन, पूर्ण वाळवूनच जोडा.

कॉस्टिक सोड्याचं पाणी काही ठिकाणी सर्रास वापरतात. तो ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. टॉयलेट साफ करायचं ॲसिडही तसंच. दोन्हींनी रंग जाईल, पण गनही जाईल. हीट गन किंवा गॅसच्या ज्योतीनं रंग जाळणं तर मुळीच नको.

अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर त्यात कोमट पाणी आणि साबण घालून कॅप व नोजल दहा मिनिटं ठेवा, शिंगांतली भोकं छान मोकळी होतात. त्या मशीनमध्ये थिनर ओतू नका. ते तापतं आणि वाफ पेटते.

७. एअर कॅप: इथे वेळ द्या

सगळ्या कामातला निम्मा वेळ या एका चकतीला गेला तरी हरकत नाही. फवाऱ्याचा आकार तीच ठरवते.

कॅप टॉर्चसमोर धरा. मध्ये मोठं भोक, त्याच्या दोन्ही बाजूंना चेहऱ्यावर बारीक भोकांच्या जोड्या, आणि प्रत्येक शिंगात एक किंवा दोन तिरपी भोकं. प्रत्येक भोकाचा जोडीदार समोर असतो. भिंगातून दोघांची तुलना करा. दोन्हींतून सारखा उजेड दिसला पाहिजे. एकातून चंद्रकोरीसारखा उजेड आला तर आत कडेला रंग आहे.

शिंगातली भोकं मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. टूथपिक त्यांत टोकापुरतीच जाते, आणि जोर केला तर टोक आतच मोडून बसतं. तिथे तंगूस कामाला येतो. ५-६ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, टोक कात्रीनं तिरकं कापा म्हणजे सुईसारखं होईल, थिनरमध्ये बुडवा आणि भोकात फिरवत सारा. तो धातूपेक्षा मऊ असल्यानं भोकाला धक्का लागत नाही. सोळा-सतरा वेळा मागेपुढे केल्यावर ‘कट्’ करून मोकळा होतो, तेव्हा रंगाची बारीक पुंगळी बाहेर पडते. मग कॅप उलटी करून मागच्या बाजूनं हवा मारा, कचरा आला त्या वाटेनंच बाहेर जातो. चष्मा लावूनच.

मधल्या भोकाची कड टूथपिकनं गोल फिरवून साफ करा. नोजलच्या बाहेरच्या अंगावर रंगाचा पातळ थर राहतो, तोही टूथब्रशनं काढा. कॅप आणि नोजल यांच्यातली गोल फट सगळीकडे सारखी राहिली तरच फवारा सरळ जातो.

नोजल आतून ब्रशनं, नेहमी मागून पुढे. नीडल चिंधीनं, मागून टोकाकडे. बॉडीतली रंगाची वाट ५-६ मिमीच्या ब्रशनं, चिंधी कोरी निघेपर्यंत. कपाच्या झाकणातलं भोक तंगूसानं मोकळं करा. ते बंद असेल तर कपात हवा शिरत नाही, आत पोकळी होते आणि गन अडखळत फवारते. पुष्कळ चांगल्या गन या एका भोकापायी बाद ठरतात.

८. जोडणी

उलट क्रम. आधी नोजल, मग नीडल. नोजल हातानं पूर्ण बसवा, मग पान्यानं घट्ट करा, पण लटकून नाही. बॉडी ॲल्युमिनियमची असते, आटे सहज जातात.

नीडलवर, पॅकिंगमधून जाणाऱ्या भागापुरती, तांदळाएवढी पेट्रोलियम जेली लावा. टोकाला लावू नका. स्प्रिंग, नॉबचे आटे, ट्रिगरची खीळ, एअर व्हॉल्व्हची दांडी यांनाही थोडी. सिलिकॉनचा स्प्रे कुठेही मारू नका. त्याचा कण रंगात गेला तर सुकताना पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, आणि तो दोष रंगाचा समजून माणूस डबे बदलत बसतो.

पॅकिंगचा नट हातानं लावा. नीडल बसवून ट्रिगर दाबा, सोडा. नीडल ‘टक्’ करून लगेच परत आली पाहिजे. मग नट पाव वळसा आणखी. नीडल रेंगाळायला लागली तर तेवढाच मागे. जुन्या गनमध्ये पॅकिंग चामड्याचं असतं आणि सुकून लाकडासारखं होतं. यंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालून रात्रभर ठेवलं तर बरेचदा जीव धरतं. टेफ्लॉनचं पॅकिंग चपटं झालं असेल तर बदलाच.

शेवटी फ्लुइड नॉब, एअर कॅप, कप.

९. तीन चाचण्या, याच क्रमानं

*हवेशिवाय.* कपात ५० मिली थिनर घाला, गन स्टँडवर सरळ ठेवा, पाच मिनिटं थांबा. नोजलच्या टोकाला थेंब नको. थेंब आला तर नीडल बसत नाही: पॅकिंग जास्त कसलंय, बैठकीत कण आहे, किंवा जोड झिजलाय. ही चाचणी ग्रॅव्हिटी गनला लागू, सक्शन गनचा कप खालीच असतो.

*नुसत्या हवेनं.* कप रिकामा करा, २ बार लावा, ट्रिगर न दाबता कान लावा. सूं आवाज आला तर एअर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे किंवा गंज. गंज बहुधा कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या पाण्यानं येतो. टाकीचा खालचा कॉक रोज उघडा, आणि वॉटर ट्रॅप नसेल तर बसवा. मग ट्रिगर हळू दाबा: आधी हवा, थोड्या अंतरानं नीडल हलायला हवी.

*पंखा.* रद्दीचा मोठा कागद भिंतीला लावा. ग्रॅव्हिटी गनला २ ते २.५ बार, सक्शनला ३ ते ३.५ बार, आणि दाब ट्रिगर दाबलेला असताना गनपाशी मोजा. पाइप बारीक आणि लांब असेल तर कॉम्प्रेसरचा काटा काहीही दाखवो, गनपाशी अर्धा-पाऊण बार कमीच असतो. पातळ केलेला रंग कपात घालून १५-२० सेंटिमीटरवरून एक सेकंद फवारा. उभा, दोन्ही टोकांना सारखा निमुळता होत जाणारा लांबट डाग यायला हवा.

मग कॅप पाव फिरवून पंखा आडवा करा आणि ओघळ येईपर्यंत एकाच जागी मारा. ओघळ सगळीकडे सारख्या लांबीचे आले तर गन तयार आहे.

१०. डाग काय सांगतो

चंद्रकोरीसारखा वाकडा डाग: एका शिंगातलं भोक तुंबलंय. एका टोकाला जाड डाग: नोजल आणि कॅपमधल्या फटीत कचरा. नक्की कुठला भाग हे शोधायला कॅप अर्धा वळसा फिरवून परत मारा. दोष उलट बाजूला गेला तर कॅपमध्ये, जागच्या जागी राहिला तर नोजलमध्ये.

मध्ये जाड, कडेला काही नाही: रंग घट्ट किंवा हवा कमी. मध्ये तुटून दोन डाग: हवा जास्त किंवा रंग फार पातळ. हे दोन गनचे दोष नाहीत, उघडायला घेऊ नका.

गन थुंकत असेल, फवारा धडधडत असेल, तर रंगाच्या वाटेत हवा शिरते आहे. कपात बुडबुडे दिसतात का पाहा. दिसले तर नोजल ढिला आहे किंवा त्याची बैठक खराब आहे. दिसले नाहीत तर झाकणाचं भोक, मग कोरडं पॅकिंग, मग कपाचे आटे, या क्रमानं तपासा. नोजल परत कसायचा असेल तर आधी नीडल काढा, इथेही तोच नियम.

नोजलचं माप कामाशी जुळतं का तेही आताच बघा. बेस कोट (रंगाचा थर), क्लिअर (वरचा पारदर्शक थर), लाकडाचा पीयू यांना १.३-१.४ मिमी, सक्शन गनला साधारण १.५-१.८, प्रायमरला १.७-२.०. प्रायमरची जुनी गन क्लिअर मारायला घेतली तर कितीही साफ केली तरी संत्र्याच्या सालीसारखा पोत येईल.

एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबावर चालणारी, गन असेल तर कॉम्प्रेसर बघून घ्या. तिला मिनिटाला ८ ते १४ घनफूट हवा लागते, आणि १ एचपीचा लहान कॉम्प्रेसर साधारण ४ देतो. चार सेकंदांत फवारा मरतो आणि दोष गनवर येतो.

११. उरलेला थिनर आणि चिंध्या

वापरलेला थिनर पत्र्याच्या बंद डब्यात ठेवा. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचा निवळ थिनर पुढच्या पहिल्या धुण्याला चालतो. गटारात ओतू नका, गाळ जाळू नका. सिंथेटिक इनॅमल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतल्या आत तापून पेटू शकतात. त्या दोरीवर एकेक पसरून कडक वाळू द्या, मगच टाका.

पीयू मारणार असाल तर मिसळलेला रंग गनमध्ये ठेवून जेवायला जाऊ नका. डब्यावर लिहिलेली वेळ संपायच्या आत गन रिकामी करून एकदा थिनर फवारून घ्या, कॅप काढून पुसा, आणि गन आडवी न ठेवता हुकाला टांगा.